जलवाहिनी फुटली, पाणी परत आले. पण ते प्यायचे का?

‘मुख्य जलवाहिनी फुटल्याने आज आपल्या भागात पाणीपुरवठा होणार नाही. उद्या सकाळी कमी दाबाने पाणी येईल. नागरिकांनी पाणी जपून वापरावे व सहकार्य करावे.’ असा संदेश तुमच्या मोबाइलवर कधी ना कधी आला असेल. तो पुन्हा एकदा वाचून पाहा. पाणी कधी येणार हे त्यात आहे, किती दाबाने येणार हेही आहे. आलेले पाणी प्यायचे की नाही, एवढेच नाही. डॉक्टर म्हणून मला नेमके तेच वाक्य हवे असते.

काही वर्षांपूर्वी सात महिन्यांची गरोदर असलेली एक पेशंट माझ्याकडे आली. चार दिवस मळमळ, अन्नावरची वासना गेलेली, आणि त्या दिवशी सकाळी डोळे पिवळे दिसले म्हणून घरचे घाबरले. बाहेरचे काही खाल्ले का, असे विचारले. सासूबाई जवळजवळ रागावून म्हणाल्या, ‘नाही हो डॉक्टर, ती घरच्या नळाचंच पाणी पिते.’ खोदून विचारल्यावर कळले, की पाच-सहा आठवड्यांपूर्वी रस्त्याच्या कामात मोठा पाइप फुटला होता. दोन दिवस नळ कोरडे होते. तिसऱ्या दिवशी आलेले पाणी जरा गढूळ होते, पण पुन्हा जाईल या धास्तीने घरातली सगळी भांडी भरून ठेवली आणि दोन-तीन दिवस तेच प्यायले. उकळून प्या असे कोणी सांगितलेच नव्हते. रक्ततपासणीत हेपटायटिस ई निघाला. त्याच पाण्यातून लागण झाली हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तो एक निरोप वेळेवर मिळाला असता, तर त्या घरात पाणी नक्की उकळले गेले असते. ती आणि बाळ दोघेही वाचले, पण त्यांचे ते दिवस अतिदक्षता विभागात गेले.

हा लेख त्या न आलेल्या वाक्याबद्दल आहे. ते येईल तेव्हा येईल, तोवर तुम्ही काय करायचे याबद्दलही आहे.

पाइप फुटल्यावर पाणी खराब का होते?

जमिनीखालच्या जलवाहिनीत पाणी दाबाखाली असते. पाइपला बारीक चिरा असल्या, सांधे सैल असले तरी दाब असतो तोवर पाणी आतून बाहेर गळते, बाहेरची घाण आत येत नाही. पाइप फुटला किंवा दुरुस्तीसाठी पाणी बंद केले, की आतला दाब जातो. मग आजूबाजूच्या मातीतले पाणी त्याच चिरांतून आत ओढले जाते. आपल्याकडे पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याची वाहिनी पुष्कळ ठिकाणी शेजारी शेजारीच असतात, त्यामुळे आत काय येत असेल हे वेगळे सांगायला नको.

म्हणजे धोका फुटलेल्या जागेपुरता नसतो. मुंबईत ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अंधेरी पूर्वेला मेट्रोच्या कामात १८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली. दुरुस्तीला सुमारे ५० तास लागले आणि त्या काळात आसपासच्या मोठ्या भागाचे पाणी तुटले. अशा वेळी फुटलेल्या जागेपासून कितीतरी दूरच्या गल्लीतला पाइपही रिकामा पडतो आणि त्याच्या चिरांतूनही घाण आत येऊ शकते. पाणी परत सुरू झाले, की पाइपात साचलेले सगळे पहिल्या लोंढ्यासोबत पुढे येते. हुबळी-धारवाडमध्ये काही तासच पाणी मिळणाऱ्या वस्त्या आणि चोवीस तास पाणी मिळणाऱ्या वस्त्या यांच्या पाण्याची तुलना करणारा अभ्यास झाला आहे. खंडित पुरवठ्याचे पाणी जास्त दूषित निघाले, आणि पुरवठा सुरू होतानाचे पहिले पाणी विशेष खराब होते.

यात आपण स्वतः भर घालतो. दाब कमी आहे म्हणून कोणी थेट नळजोडणीवर मोटर लावतो. ती मोटर पाइपातले पाणी खेचते, आणि पाइपात पुरेसे पाणी नसेल तर बाहेरची घाण खेचते. ते फक्त मोटरवाल्याच्या घरात जात नाही, शेजाऱ्यांच्याही नळाला येते.

निरोप पोचला नाही तर काय होते

अमेरिकेत मिसुरी राज्यात कबूल नावाचे छोटे गाव आहे. १९८९ च्या डिसेंबरमध्ये तिथे रक्ताच्या जुलाबांची साथ सुरू झाली. त्याच सुमारास कडाक्याच्या थंडीने दोन मोठ्या जलवाहिन्या फुटल्या आणि बरीच मीटरही बदलावी लागली. गावाच्या पाण्यात क्लोरीन घातले जात नव्हते. ई. कोलाय जंतूच्या एका घातक प्रकाराने २४३ जण आजारी पडले, चौघे दगावले. पाणी उकळून प्या, अशी सूचना निघाल्यावर नवे रुग्ण कमी होत गेले. एवढ्या साध्या वाक्यात तेवढी ताकद असते.

दुसरे उदाहरण कॅनडातल्या वॉकर्टन गावाचे. तिथे पाइप फुटला नव्हता. मे २००० मध्ये मुसळधार पावसाने गुरांचे शेण गावाच्या विहिरीत उतरले. पण निरोपाची जी गफलत तिथे झाली ती कुठेही होऊ शकते, म्हणून सांगतो. पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल पाणीखात्याकडे १७ मे रोजीच आला होता. पुढच्या दिवसांत मुलांना रक्ताचे जुलाब होऊ लागले, आरोग्य खात्याने पाणीखात्याला पुन्हा पुन्हा विचारले, आणि उत्तर मिळत राहिले की पाणी ठीक आहे. अखेर २१ मे रोजी आरोग्य अधिकाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पाणी उकळण्याची सूचना दिली, मुख्यतः स्थानिक रेडिओवरून. नंतरच्या न्यायालयीन चौकशीत दिसून आले, की त्या दिवशी गावातल्या जेमतेम निम्म्या लोकांपर्यंत ती पोचली. सूचना निघाल्यानंतरही काहीजण तेच पाणी प्यायले आणि आजारी पडले. पाच हजारांच्या आतल्या वस्तीच्या त्या गावात आणि परिसरात २,३०० हून अधिक लोक आजारी झाले, सात मृत्युमुखी पडले.

आता आपल्याकडे पाहू. पुष्कळदा सूचना निघते, पण कशी? मुंबईसारख्या महापालिकेच्या पत्रकात ‘खबरदारीचा उपाय म्हणून पाणी गाळून व उकळून प्यावे’ हे वाक्य असते, पण अनेकदा अगदी शेवटी. वरच्या परिच्छेदांत जलवाहिनीचा व्यास, जलाशयाचे नाव, विभागांची यादी. तिथवर वाचतो कोण? मग ते पत्रक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. त्या ग्रुपवर फ्लॅटचे मालक असतात. भाडेकरू असतीलच असे नाही. वॉचमन, घरकाम करणाऱ्या ताई, मागच्या वस्तीतले लोक, एकट्या राहणाऱ्या आजी हे तर नसतातच. गेल्या वर्षीचा, तारीख नसलेला संदेशही कोणीतरी पुन्हा फिरवतो, आणि दोन-तीनदा तसे झाले की लोक खऱ्या सूचनेकडेही काणाडोळा करतात.

आणखी एक अडचण आहे, ती आम्हा डॉक्टरांनाही चकवते. जुलाब एक-दोन दिवसांत लागतात, पण टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात, आणि हेपटायटिस ए-ई ची कावीळ उमटायला दोन ते दहा आठवडे जाऊ शकतात. तोवर पाइप फुटल्याची बातमी शिळी झालेली असते, कोणाच्या लक्षातही नसते. म्हणून ताप, जुलाब किंवा काविळीसाठी डॉक्टरकडे गेलात, तर ‘आमच्याकडे अमुक तारखेला पाइप फुटला होता’ हे आपणहून सांगा. आम्ही विचारायला हवे, हे खरे. पण ओपीडीच्या गर्दीत ते राहून जाते.

पाणी परत आले: पहिले दोन दिवस

सूचना आली नसली तरी ती आली आहे असेच समजून वागा. पहिले पाणी पिण्यासाठी भरू नका. ते संडासाला, फरशीला वापरा. पाणी स्वच्छ दिसू लागेपर्यंत थांबा, मग पिण्याचे भरा. इमारतीत राहत असाल तर सेक्रेटरींना सांगा, की गढूळ पाणी खालच्या टाकीत घेऊ नका. ते एकदा पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढले, की सगळ्या घरांत जाते आणि दोन्ही टाक्या धुवाव्या लागतात.

पिण्याचे पाणी चौपदरी स्वच्छ कापडाने गाळा, मग उकळा. किती वेळ, यावर घराघरांत वाद असतो. कोणी वीस मिनिटे म्हणते, मग गॅस संपतो म्हणून दोन दिवसांनी उकळणेच बंद होते. पाणी खळखळून उकळू लागले की त्यानंतर एक मिनिट पुरते. आजार पसरवणारे जिवाणू, विषाणू आणि परजीवी तेवढ्यात मरतात. मग झाकून त्याच भांड्यात निववा. दुसऱ्या भांड्यात ओतायचे असेल तर ते भांडेही स्वच्छ हवे, आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. पेला बुडवला की बोटे बुडतात.

गीझरचे पाणी उकळलेले नसते. ते कितीही कढत लागले तरी पिऊ नका. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. क्लोरीनच्या गोळ्या किंवा आरोग्य सेविका देतात ते थेंब उपयोगी आहेत. मात्र वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणातच टाका, अर्धा तास थांबा, आणि गढूळ पाण्यात त्यांचा भरवसा धरू नका. यूव्ही फिल्टरचेही तेच. पाणी गढूळ असेल तर किरण नीट पोचत नाहीत. फिल्टरमध्ये गढूळ पाणी जाऊन कॅन्डल किंवा काडतूस तुंबले असेल, तर बदलेपर्यंत त्याच्यावर विसंबू नका. आणि पाण्याला रॉकेल-डिझेलचा किंवा रसायनाचा वास येत असेल तर उकळूनही उपयोग नाही. ते वापरू नका, महापालिकेला कळवा.

उकळलेले पाणी फक्त पिण्यालाच लागते असे नाही. दात घासायला, बर्फाला, कोशिंबिरीच्या भाज्या धुवायला, ताकात घालायला, बाळाच्या दुधाला तेच घ्या. भांडी नेहमीच्या पाण्याने घासून शेवटी उकळलेल्या पाण्याने विसळा, नाहीतर उन्हात कडकडीत वाळवा. मोठ्या माणसांनी त्या पाण्याने अंघोळ करायला हरकत नाही. लहान मुले अंघोळ करताना पाणी गिळतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. उघड्या जखमेवर ते पाणी नको.

हे किती दिवस करायचे? पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे ओ.टी. चाचणीने लगेच कळते. नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकले की पिवळा रंग येतो. आपल्या मानकानुसार नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेले असावे. जंतूंची तपासणी मात्र एक-दोन दिवस घेते, म्हणून दुरुस्ती झाल्या झाल्या कोणी ‘पाणी शुद्ध आहे’ म्हणाले तर कशावरून, हे विचारा. महापालिकेच्या कार्यालयात फोन करून ‘पाणी कधी येणार’ याच्या जोडीला ‘आमच्या गल्लीतल्या नळावर क्लोरीन तपासले का, नमुना कधी घेतला’ हे दोन प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर मिळाले नाही तर माझा सल्ला, आठवडाभर उकळत राहा.

ज्यांनी जास्त सांभाळायचे आहे

गरोदर स्त्रिया सर्वांत आधी. हेपटायटिस ई बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जातो, पण शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर दगावण्याचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. गरोदरपणात डोळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली तर घरगुती काविळीच्या औषधात एक दिवसही घालवू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. सहा महिन्यांच्या आतल्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचे पाणी लागतच नाही, उकळलेलेही नाही.

डायलिसिसच्या रुग्णांचे गणित वेगळे आहे. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्तालगत वाहते, मध्ये फक्त पातळ पडदा असतो. दुरुस्तीनंतर पाइप धुण्यासाठी क्लोरीन वाढवले जाते. तुम्हाआम्हाला ते वासापुरते जाणवते, डायलिसिसच्या पाण्यात उरले तर तांबड्या पेशी फुटतात. टँकरचे पाणी आणखी बेभरवशाचे. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ साली एका डायलिसिस केंद्राला टँकरने, पुरेशी प्रक्रिया न केलेले तलावाचे पाणी पुरवले गेले. त्यात शेवाळासारख्या जिवाणूंचे विष होते. सुमारे १०० रुग्णांचे यकृत निकामी झाले, त्यांतले निदान निम्मे दगावले. म्हणून डायलिसिसला जाण्याआधी केंद्रात फोन करा आणि सरळ विचारा: आज पाणी कुठले आहे, सत्र सुरू करण्याआधी क्लोरीन तपासले का? चांगल्या केंद्रातल्या तंत्रज्ञाला या प्रश्नाचा राग येत नाही. सत्र पुढे ढकलले गेले तर पाणी, मीठ आणि फळे यांची बंधने कडक पाळा. आणि ‘नळाचं नको, त्यापेक्षा शहाळं बरं’ असे म्हणून प्रेमाने नारळपाणी देऊ नका. त्यातले पोटॅशियम या रुग्णांच्या हृदयाला धोक्याचे असते.

अवयव प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले, स्टिरॉइड घेणारे यांनी क्लोरीनवर भागवू नये, पाणी उकळावेच. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, उकळल्यावर मरतो.

वृद्धांच्या बाबतीत माझा अनुभव असा, की पाणी नसले की ते पाणी पिणेच कमी करतात. संडासाला बादली कोण आणून देणार, घरच्यांना त्रास नको, म्हणून दिवसभर घोट घोट पितात. मग चक्कर, लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ. त्यांच्यासाठी एक बादली आणि एक तांब्या वेगळा भरून ठेवा आणि तसे त्यांना सांगा. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी किंवा मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या चालू असतील आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर गोळी थांबवायची का हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. मनाने बंद करू नका, मनाने चालूही ठेवू नका. आणि हृदयरोग्याने किंवा गरोदर बाईने भरलेल्या बादल्या जिन्याने चढवू नयेत. हे सांगावे लागते, कारण दर पाणीटंचाईत मी ते पाहतो.

साठवलेले पाणी घट्ट झाका. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो.

तुमच्या इमारतीची, वस्तीची सूचना तुम्हीच लिहा

महापालिकेने नीट सांगावे हा आग्रह सोडू नका. पण आजचे काम आज व्हायला हवे. पुढचा मजकूर उतरवून घ्या, तारीख-वार घाला आणि पाठवा:

‘आज मंगळवार, सकाळचे ९. पाणी आले तरी उकळल्याशिवाय पिऊ नका. बाळाचे दूध, बर्फ, दात घासणे यांनाही उकळलेलेच वापरा. उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळा. अंघोळ, कपडे, संडास यांना नळाचे पाणी चालेल. कारण: मुख्य पाइप फुटला आहे. पुढची सूचना उद्या संध्याकाळी ६ वाजता देऊ, नवीन काही कळले नाही तरी देऊ. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना कृपया तोंडी सांगा.’

काय करायचे ते वर, कारण खाली. शेवटून दुसरे वाक्य गाळू नका. पुढची सूचना नेमकी कधी येणार हे माहीत असले, की लोक वाट पाहतात. नाहीतर त्या पोकळीत ‘टाकीत विष मिसळलंय’सारख्या अफवा शिरतात. हाच मजकूर मोठ्या अक्षरात लिहून लिफ्टपाशी, नळकोंडाळ्यापाशी, किराणा दुकानात लावा. वस्तीत हिंदी किंवा दुसरी भाषा बोलणारे लोक असतील तर त्या भाषेतही लिहा. वाचता न येणाऱ्यांसाठी मंदिरातला किंवा मशिदीतला भोंगा, घंटागाडीचा कर्णा, आशाताई हे मार्ग आहेत. पाणी पुन्हा पिण्याजोगे झाले की तेही सांगा. ‘उकळा’ म्हणणारे सगळे असतात, ‘आता थांबा’ म्हणायचे राहून जाते, आणि पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही.

जुलाब सुरू झाले तर

पहिल्या पातळ शौचापासून ओआरएस सुरू करा. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा, अर्धे-मुर्धे नको, आणि २४ तासांनी उरलेले टाकून द्या. मुलांना सोबत झिंक किती द्यायचे ते डॉक्टर सांगतील, साधारण १४ दिवस द्यावे लागते. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नका. शौचात रक्त, तांदळाच्या पेजेसारखे भरमसाट जुलाब, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल किंवा झोपाळू, काही पोटात ठरत नाही, यांपैकी एकही असेल तर रात्र असली तरी रुग्णालयात न्या.

आणि एकाच इमारतीत किंवा गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब दिसले तर आपापल्या डॉक्टरकडे जाऊन गप्प बसू नका. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पत्ता, तारखा आणि किती जण आजारी ते कळवा. तुमच्या डॉक्टरांनाही कळवायला सांगा.